येसू मावशीच्या वळणावर गेली

एका जंगलात, मुलांनो, कुणी कुणाला आडनाव विचारत नसे.

त्या जंगलाचं नाव कामराई. तिथे दोन प्राणी वाटेत भेटले की "तू कुणाचा कोण?" असं म्हणत नसत. "काय घेतोस, काय देतोस?" असं विचारत. तोच तिथला रामराम. मधमाशी म्हणे, "फूल घेते, मध देते." आणि फूल होतं तसंच राहायचं, हे विशेष. शेणकिडा म्हणे, "शेण घेतो, गोळी देतो." सुतार पक्षी ढोली करून देई, ती मैना घेई. मैना फळं घेई, बिया टाकी. बियांची झाडं होत, ती पुन्हा सुतार पक्षी घेई. एकाचं दिलेलं दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. कोण कुणाच्या पोटी आलं याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती.

तुमच्यापैकी कुणाची ताई दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून त्याला कामं सांगत असेल, तर तिला विचारा. कॉम्प्युटरशी बोलायच्याही भाषा असतात. काही भाषांत आधी कूळ सांगावं लागतं. हा अमक्याचा मुलगा, तो तमक्याचा नातू, म्हणून याला हे येतं. त्याला ताई इनहेरिटन्स म्हणते. काही भाषांत मात्र फंक्शनला पहिला मान. काय घेतोस, काय देतोस, संपलं. कूळ त्या भाषांतही असतं, पण कपाटात मागे, पाहुणे आले तरच काढायच्या कपबश्यांसारखं. कामराई ही तसली होती. ताई म्हणेल, "इतकं सोपं नसतं ते." तिकडे लक्ष देऊ नका. ती दमलेली असते.

आता कामराईला पाहुण्यांच्या कपबश्या कशाला लागायच्या? त्याचं कारण मीठ.

शेजारी कुळवन नावाचं मोठं जंगल होतं. तिथे वाघाचं राज्य. तिथल्या टेकडीखाली खारट माती होती, आणि उन्हाळ्यात ती चाटल्याशिवाय कुणाच्या अंगात त्राण राहत नसे. सीमेवर एक रानडुक्कर पहाऱ्याला बसे. कामराईचा प्राणी आला की ते विचारी, "कुणाचा कोण?"

"फळ घेतो, बी देतो," आपला प्राणी सांगे.

"ते घरी सांग. इथे बाप सांग," रानडुक्कर म्हणे.

म्हणून कामराईच्या पंचांनी एक सोय करून ठेवली होती. सीमेपुरतं कूळ सांगावं. परत आल्यावर पायाची माती झटकतो तसं ते झटकून टाकावं. सोय साधी होती. साध्या सोयीचं पुढे काय होतं, हे तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना चांगलं ठाऊक असतं.

या कामराईत येसू राहायची. येसू म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, आणि जीभ अशी लांब की ती आत कुठे मावते याचं येसूलाही कोडं होतं. तिचं काम ठरलेलं. वाळवी घेते, धड झाड देते. जंगलाच्या मधोमध एक जुना बेहडा होता. त्याच्या मुळाशी येसूचं बीळ. रोज सकाळी ती बेहड्याच्या खोडाला कान लावून उभी राहायची. आत वाळवी चालत असेल तर फार बारीक आवाज येतो. तो ऐकायला तिला आईनं शिकवलं होतं. लहानपणी येसू आईच्या शेपटीवर बसून हिंडायची. आई खोडाला कान लावायची, गप्प व्हायची, आणि मग हळूच म्हणायची, "डावीकडे. मुळाशी." आई गेली त्याला बरेच उन्हाळे झाले. येसूला आईचा चेहरा हल्ली नीट आठवत नसे, पण ते दोन शब्द आठवत.

बेहड्याच्या ढोलीत धनेशकाकू होत्या. होत्या म्हणजे अगदी आतच होत्या. धनेश पक्ष्यांची रीतच तशी. अंडी घालायची वेळ आली की बाई ढोलीत शिरते आणि आतून भिंत लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते, चोच बाहेर येईल इतकी. मग तिची पिसं गळतात. नवी पिसं येईपर्यंत आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही. नवरा बाहेरून उंबरं आणून भरवतो. काकूंचे यजमान धनेशअण्णा हे कामराईचे मुख्य पंच. दिवसभर ते उंबरं आणत आणि उरलेल्या वेळात न्याय देत.

काकूंना आत बोलायला कुणी नसे. त्यामुळे येसू खोडाला कान लावायला आली की काकू फटीतून चोच काढून पोटभर बोलून घेत. येसू कमी बोले. दोघींचं छान जमायचं.

आणि तिसरे रावजी. रावजी म्हणजे उदमांजर. त्यांचं काम "फळ घेतो, बी देतो." बी कुठून देतो, हे ते सांगत नसत. बाकीच्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची पाठ वळली की सगळे हसत. मुलांनो, तुम्हीही हसलात. रावजींना हेच सहन होत नसे. खरं तर जंगलातली अर्धी झाडं त्यांच्या कृपेनं उगवलेली होती. पण आपल्या कामाचीच लाज वाटायला लागली की माणूस कूळ शोधायला लागतो. उदमांजरही.

एका उन्हाळ्यात रावजी माती चाटायला कुळवनाच्या सीमेवर गेले.

"कुणाचा कोण?" रानडुकरानं विचारलं.

"उदमांजर," रावजी पुटपुटले.

रानडुक्कर ताडकन उभं राहिलं. "मांजर? म्हणजे वाघाच्या मावशीचे तुम्ही? आमच्या महाराजांच्या आजोळचे?"

रावजींनी क्षणभर विचार केला. फक्त क्षणभरच. "हो," ते म्हणाले.

त्यांना रांगेत उभं राहावं लागलं नाही. सावलीतली, चांगली ओलसर माती मिळाली. रानडुकरानं कमरेत वाकून निरोप दिला. रावजी परत आले ते शेपूट वर धरूनच. आणि त्यांनी पायाची माती झटकली नाही.

त्यांनी पंचायत बोलावली. "आपण केवढी मोठी गोष्ट विसरून बसलोय," ते म्हणाले. "मी उदमांजर. तो भिवा पाणमांजर. ही येसू खवले मांजर. आणि त्या दगडावर बसल्यात त्या बायजामावशी तर साक्षात रानमांजर. आपण सगळे एका कुळाचे. वाघाचे नातलग. कूळ नुसतं सीमेपुरतं का? घरातही असू दे."

बायजामावशी दगडावर झोपल्या होत्या. कामराईत त्यांची जरा अडचणच होती. "काय घेतेस, काय देतेस?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "ऊन घेते." आणि तिथेच थांबायच्या.

रावजींनी त्यांना जागं केलं. "मावशी, तुम्ही आमचं मूळ मांजर व्हा."

"काय करावं लागतं?" मावशींनी एक डोळा उघडला.

"काही नाही. मूळ मांजरानं स्वतः काही करायचं नसतं. बाकीच्या मांजरांनी काय करावं, एवढंच सांगायचं."

"हे मला जमेल," मावशी म्हणाल्या.

धनेशअण्णांनी चोच खाजवली. "कुणाचं काही जात नसेल तर माझी हरकत नाही. सीमेवर खोळंबा वाचेल." असे निर्णय बहुधा असेच होतात, कुणाचं काही जात नाही म्हणून.

पुढच्या वेळी येसू सीमेवर गेली तेव्हा रानडुक्कर तिच्यापुढेही वाकलं. येसूला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? जन्मभर मुळाशी नाक खुपसून काम केलेलं, तिला कुणी कधी वाकून नमस्कार केला नव्हता. ती घरी आली ती जरा गुणगुणतच.

मग मावशींनी कुळाच्या रीती सांगायला सुरुवात केली. मांजर पाण्यात जात नाही. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवतं. मांजर उंदीर धरतं. मांजर माती उकरतं ती फक्त एका कामासाठी, आणि ते काम झाकून टाकतं. शत्रू आला तर मांजर पाठीची कमान करतं आणि दात विचकतं.

"मला दात नाहीत," येसू म्हणाली.

"असल्यासारखे विचक," रावजी म्हणाले.

येसूनं मनापासून प्रयत्न केला, हे सांगायला हवं. ती अंग चाटायला गेली तर जिभेला खवल्यांनी ओरखडे पडले. उंदीर धरायला गेली तर जीभ उंदराला चिकटली, त्याला गुदगुल्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो भावंडांना घेऊन आला. पाठीची कमान करायला गेली तर सवयीनं तिचा गोल गोळाच झाला आणि ती उतारावरून गडगडत गेली. मावशींनी दगडावरून पाहिलं. "आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे खवल्यांकडून आलं असणार."

येसूनं रावजींना विचारलं, "यातलं काही आपल्या सोयीनं बदलता येतं का?"

"येतं की. मावशींनी जिथे 'इथे बदललंत तरी चालेल' असं आधीच सांगितलंय, तिथे खुशाल बदल."

"कुठे सांगितलंय?"

"म्यांवच्या सुरात."

येसूनं म्यांवचा सूर बदलून पाहिला. तिला मुळात म्यांव येत नव्हतं, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

भिवाचे हाल तर बघवत नव्हते. भिवा म्हणजे पाणमांजर. "मासे घेतो, नितळ पाणी देतो" असं तो पूर्वी ऐटीत सांगायचा. आता तो काठावर बसून राही. मासे पाण्यातून डोकं वर काढून त्याची विचारपूस करत. त्याची हाडं दिसायला लागली होती.

"पोहत का नाहीस रे?" येसूनं विचारलं.

"मांजर पाण्यात जात नाही," भिवा म्हणाला. "आणि कूळ मोडलं तर सीमेवर घेणार नाहीत. मीठ बंद. तुझं कसं चाललंय?"

"उंदरांना खेळवते," येसू म्हणाली.

ती काय खात होती मग? काही विचारू नका. पडलेली उंबरं चोखत होती. आणि रोज सकाळी बेहड्यापाशी जायची, पण खोडाला कान लावायची नाही. कान लावला तर ऐकू येईल, ऐकू आलं तर उकरावंसं वाटेल, आणि मांजर तर एकाच कामासाठी उकरतं.

एक दिवस फटीतून काकूंची चोच बाहेर आली.

"येसू, भिंतीत कुणीतरी कुजबुजतंय गं."

आता येसूला राहवेना. तिनं खोडाला कान लावला. कुजबुज नव्हती ती, मिरवणूक होती. मुळापासून निघून ढोलीच्या अंगाला पोचली होती.

"वाळवी आहे, काकू. बरीच आहे."

"मग घे की."

"मांजर वाळवी खात नाही."

"कोण मांजर?"

"मी."

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"मागच्या पंचायतीपासून."

काकू आत बसल्याबसल्या सगळं ऐकत होत्या, पण हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं. अण्णा उंबरं देताना घरच्या गोष्टी बोलत, कारभाराच्या नाही. "येसू," काकू हळू म्हणाल्या, "पिल्लांना अजून पिसं नाहीत. मलाही नाहीत. हे झाड बसलं तर आम्हाला कुठे जाता यायचं नाही."

येसूला रडू आलं. ती तशीच रावजींकडे गेली.

"मला पुन्हा नुसती खवले मांजर होऊ द्या."

रावजी शेपटी विंचरत होते. "ते अवघड असतं. खवले मांजराचं मांजर व्हायला काही लागत नाही, उभं राहिलं की झालं. मांजराचं पुन्हा खवले मांजर व्हायचं तर पुरावा लागतो."

"माझ्या अंगावर खवले आहेत."

"ते दिसतंय मला. दिसून काय उपयोग? पंचायतीत मांड."

अण्णांनी पंचायत बोलावली. बेहड्याखालीच. अण्णांच्या चोचीत काकूंसाठी आणलेलं उंबर होतं, ते त्यांनी आधी फटीत दिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. पण ते मुख्य पंच होते. स्वतःच्या घरासाठी नियम वाकवला असं कुणी म्हणू नये, याची त्यांना मोठी काळजी. चांगल्या माणसांच्या या काळजीनं आजवर बरीच घरं पडली आहेत.

"येसू, बोल," ते म्हणाले.

"मी मांजर नाही," येसू म्हणाली. "मला लोक मांजर म्हणतात, म्हणून म्हणतात. नाव ठेवताना मला कुणी विचारलं नाही. मला माझं काम करू द्या."

"नावात आहे ते आहेच," रावजी म्हणाले. "एका जिवाला एकच कूळ. त्यातून असं उठून जाता येत नाही. जायचं तर दुसरं कूळ दाखवावं लागतं. नावातलं मांजर सोडलं तर तुझ्याकडे काय उरतं? खवले. खवले कुणाला असतात?"

"माशांना," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग मासा हो," रावजी म्हणाले.

काठावरून आलेल्या भिवानं येसूकडे पाहिलं आणि आवंढा गिळला. बिचाऱ्याला तेवढ्यात लाजही वाटली. येसू दोन पावलं मागे सरकली. "राहू दे," ती म्हणाली. "मासा नको."

भिवा मात्र विचारात पडला होता. भुकेनं त्याचं डोकं अगदी स्वच्छ झालं होतं. तो पुढे आला.

"अण्णा, दुसरं कूळ असेल तर जाता येतं ना?"

"येतं."

"मग मी चाललो. पाणमांजर हे माझं अलीकडचं नाव. माझं जुनं नाव ऊद. माझे आजे-पणजे सगळे ऊद. ऊद पाण्यात राहतो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्या प्राण्यांनी माना डोलावल्या. ऊद हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

"मान्य," अण्णा म्हणाले.

"आता एवढंच," भिवा म्हणाला, "की या रावजींचं काय करायचं? हे उद-मांजर. आधी ऊद, मग मांजर. आणि एका जिवाला एकच कूळ, असं यांनीच सांगितलंय. माझ्या कुळात असतील तर मी त्यांचा मूळ ऊद झालो. माझी रीत एकच. सकाळी उठल्यावर आधी बुडी मारायची, खोल."

रावजींना पाण्याचं भारी भय. पावसाळ्यातही ते पानाखालून चालत.

"नावातला शेवटचा शब्द खरा," ते घाईघाईनं म्हणाले.

"मघाशी येसूला तुम्ही पहिला शब्द काढून दाखवलात," भिवा म्हणाला. "तिला मासा करत होतात."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

रावजी काय उत्तर देणार होते ते आपल्याला कधीच कळणार नाही. कारण तेवढ्यात बेहडा कण्हला. खोडावरची हातभर साल सुटून खाली आली आणि तिच्यामागून पांढरी वाळवी भळाभळा बाहेर पडली. आतून पिल्लांचा कालवा ऐकू आला. काकूंची चोच फटीतून बाहेर आली, पण काकू काही बोलल्या नाहीत. इतकी बोलणारी बाई एक शब्द बोलली नाही, तेव्हा येसूला फार भीती वाटली.

"ही येसू आमच्यात तशी लांबच्या नात्यातली," रावजी हळूच शेजाऱ्याला सांगत होते. "झाड तिच्या राखणीतलं. आमचा संबंध नाही."

येसूनं ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं खोडाला कान लावला. मग ती मुळाशी गेली, पुढची नखं रोवली आणि उकरायला लागली. माती मागे उडाली ती थेट पंचांच्या अंगावर. तिची जीभ आत गेली ती किती आत गेली ते दिसतच नव्हतं. एक भोक, दुसरं भोक, मग सालीच्या आत. वाळवीनं तिच्या तोंडावर, पापण्यांवर चढाई केली. तिनं डोळे मिटले आणि काम चालू ठेवलं. इतक्या दिवसांची उपाशी होती, तेही उपयोगी पडलं.

"हे काय चाललंय?" रावजी ओरडले. "ही उकरते आहे, आणि झाकतही नाही. ही खाते आहे. अण्णा, कूळ मोडलं हिनं. मावशी, उठा."

बायजामावशी सबंध पंचायतभर झोपल्या होत्या. त्यांनी एक डोळा उघडला. येसू उकरतेय, सगळे टक लावून बघताहेत, अण्णा रडताहेत, हे त्यांनी पाहिलं. अडवायचं तर दगडावरून उठावं लागणार होतं. मावशींनी एक लांबलचक जांभई दिली.

"करू दे तिला," त्या म्हणाल्या. "कुणाचं म्हणून ऐकत नाही. अगदी माझ्यावर गेलीय."

संध्याकाळ व्हायच्या आत बेहडा शांत झाला. येसूनं शेवटचा कान लावला तेव्हा आत फक्त पिल्लांचे आवाज होते. काकूंनी चोच बाहेर काढली आणि म्हणाल्या, "झालं का गं? मग आता मी बोलू?" आणि त्या जे बोलायला लागल्या ते अण्णांना पुढे बरेच दिवस पुरलं.

पिल्लं मोठी झाली. काकूंनी भिंत फोडली आणि नव्या पिसांनिशी बाहेर आल्या. कामराईत मोठा समारंभ झाला. बायजामावशींना दगडावर पानांची झूल घातली. रावजींनी भाषण केलं. संकटकाळी गप्प न बसणं, मन मानेल तेच करणं, हे मांजरांच्या रक्तातच आहे, असं ते म्हणाले. येसूला बोलावलं होतं. ती मागच्या रांगेत होती, कारण पुढची रांग जवळच्या नातलगांसाठी होती.

येसूला वाईट वाटलं. ते लपवण्यात काही अर्थ नाही. तिला मानाची पानं नको होती. आपल्या आईचं नाव कुणीतरी घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण आईचं नाव कुणाला माहीत नव्हतं. कामराईत कुणी विचारलंच नव्हतं कधी, आणि आता विचारायचे दिवस आले तर तिथे मावशी बसल्या होत्या.

काकूंनी मात्र तिच्या शेजारी येऊन पंख पसरला. "मी आतून ऐकलंय सगळं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

समारंभाच्या शेवटी मावशींना दोन शब्द बोलायची विनंती झाली. मावशी खुशीत होत्या. त्या म्हणाल्या, "वाळवी खाणं ही मांजरांची मूळची रीत आहे. माझीच. मी विसरले होते सांगायला."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात रावजींनी वाजवल्या. मग त्यांचे हात हळूहळू थांबले. मूळ मांजराची रीत म्हणजे खालच्या सगळ्या मांजरांची रीत, हे त्यांनीच सर्वांना शिकवलं होतं. आणि मावशींनी "इथे बदललंत तरी चालेल" असं काही म्हटलं नव्हतं.

भिवानं काठावरून पाण्यात सूर मारला. तो आता ऊद होता. त्याला वाळवीशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू बेहड्यापाशी आली तर रावजी आधीच उभे. तोंड कडू, शेपूट खाली. त्यांनी खोडाला कान लावला.

"मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

येसूच्या मनात आलं, असल्यासारखं ऐका म्हणावं. पण तिचा तो स्वभाव नव्हता. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली, कान लावला, गप्प झाली. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "डावीकडे. मुळाशी."

दगडावर ऊन आलं होतं. मावशींनी कूस बदलली.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "बोलणंसुद्धा अगदी माझंच."

तात्पर्य: मुलांनो, आपल्या अंगातला गुण कुणाकडून आला याची कधी चिंता करू नये. काम तडीला गेलं की ते सांगायला कुठल्या ना कुठल्या दगडावरची मावशी जागी होतेच. काम बिघडलं तर मात्र आपण लांबच्या नात्यातले असतो.